कोऱ्या नळीतला बुडबुडा

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी गेली अनेक वर्षे काम करते. तिथे रोजच्या नमुन्यांबरोबर एक नळी अशी लावावी लागते, की जिच्यात काहीही वाढता कामा नये. गावोगावच्या विहिरींचे आणि नळांचे पाणी मॅकॉन्की द्रावणाच्या जांभळ्या नळ्यांत घालायचे, प्रत्येक नळीत उलटी ठेवलेली छोटी डरहॅम नळी द्रावणाने पूर्ण भरली आहे ना हे पाहायचे आणि सगळा स्टँड ३७ अंश सेल्सिअसला इनक्युबेटरमध्ये ठेवून द्यायचा. पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे मैल्याच्या दूषणाची खूण मानले जाणारे जीवाणू असतील तर दुसऱ्या दिवशी जांभळा रंग पिवळा होतो आणि उलट्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकलेला दिसतो. कोऱ्या नळीत निर्जंतुक केलेले पाणी असते, म्हणून ती जांभळीच राहिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सकाळी ती पिवळी झालेली दिसली, बुडबुड्यासकट. पिपेटांचा डबा ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर त्याचे झाकण माझ्याकडून नीट बसले नव्हते, हे नंतर उमगले. त्या दिवशी ज्या गावांचे पाणी आले होते, त्यांपैकी एकाबद्दलही आम्हाला काही सांगता आले नाही. आमची घाण कुठे संपते आणि गावाची कुठे सुरू होते, हे ठरवण्याचे साधनच हातातून गेले होते. सगळे नमुने पुन्हा मागवावे लागले.

अंटार्क्टिकातील संशोधन केंद्रांचा तिथल्या सूक्ष्मजीवांवर काय परिणाम होतो, याविषयी मी बरेच दिवस वाचते आहे, आणि वाचताना ही पिवळी नळी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. कारण अंटार्क्टिकाचा नमुना पुन्हा मागवता येत नाही.

बर्फाखाली नसलेली जमीन त्या खंडावर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. शेवाळ, दगडफूल आणि मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव याच तुटपुंज्या जमिनीवर राहतात, आणि पाया घेण्यासाठी कठीण खडक हवा असल्यामुळे माणसाने आपली बहुतेक केंद्रेही तिथेच उभारली आहेत. २०१९ मध्ये उपग्रह छायाचित्रांवरून केलेल्या मोजणीत इमारतींनी व्यापलेले क्षेत्र ३ लाख ९० हजार चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ३९ हेक्टर भरले. मात्र बर्फमुक्त जमिनीवर माणसाच्या वावराने विस्कटलेले क्षेत्र ५२ लाख चौरस मीटरांहून अधिक निघाले. एवढ्या मोठ्या खंडाच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण जिथे जीव आहे तेवढाच भाग हिशेबात धरला, तर ते किरकोळ राहत नाहीत.

तिथला जीव कसा राहतो, हे एका दगडावरून सांगते. मॅकमर्डोच्या कोरड्या, जवळजवळ बर्फ नसलेल्या दऱ्यांमध्ये बीकन वालुकाश्म नावाचा फिकट रंगाचा दगड आहे. वरून तो पूर्ण निर्जीव दिसतो. इम्रे फ्रीडमन या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात असे दगड फोडून पाहिले, तेव्हा पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवर, वाळूच्या कणांमधल्या फटींत, रंगांचे पट्टे निघाले : वर काळा, मग पांढरा आणि त्याखाली हिरवा. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांत दगडफुलातली बुरशी आणि शैवाल होते, तर हिरव्यात दगडातून झिरपणाऱ्या अंधूक उजेडावर जगणारे एकपेशीय जीव. या पट्ट्यांची छायाचित्रे मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा वाळूच्या दाण्यांमागून डोकावणारा तो हिरवा रंग मला कितीतरी वेळ सोडवत नव्हता. उन्हाळ्यात दगड थोडा तापला आणि चिमूटभर बर्फ वितळून आत मुरला, की या जीवांचा दिवस उजाडतो. बाकीचे वर्ष ते थिजून पडलेले असतात. अशा सावकाश जगणाऱ्या वस्तीशेजारी आपण जनरेटर, स्वयंपाकघर, डिझेलच्या टाक्या आणि माणसे नेऊन ठेवतो.

एका जागी शांत बसलेल्या माणसाच्या अंगावरूनसुद्धा ताशी सुमारे दहा लाख सूक्ष्म जैविक कण हवेत जातात. त्यावर उपाय नाही, आणि जोवर माणूस तिथे जाणार आहे तोवर तो असणारही नाही. मात्र जीवाणू न आणताही केवळ जागा झाकल्याने काय होते, याचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. कोरड्या दऱ्यांत शेकडो वर्षांपूर्वी वाट चुकून आलेल्या सीलांची वाळलेली कलेवरे पडलेली आहेत. संशोधकांनी त्यांतले सुमारे अडीचशे वर्षांचे एक कलेवर उचलून जवळच्याच स्वच्छ जमिनीवर ठेवले आणि खालच्या मातीवर काही वर्षे लक्ष ठेवले. त्या मातीतली जीवाणूंची वस्ती दोन-तीन वर्षांतच बदलली. कलेवरातून पोषकद्रव्ये फारशी उतरली नव्हती. त्याच्या सावलीने तापमान स्थिर झाले आणि ओलावा टिकला, तेवढे पुरले. थंड वाळवंटातली माती शतकानुशतके जशीच्या तशी राहते असे जे गृहीत होते, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने मोडले. एका सीलाच्या सावलीने जर एवढे होते, तर दोन खांबांवर उभ्या केलेल्या कंटेनरखालची माती बांधकामापूर्वीसारखी राहिली असेल, असे मानायला काहीच आधार नाही.

आता सांडपाण्याकडे वळते, कारण माझे रोजचे काम त्याच्याशी जोडलेले आहे.

अंटार्क्टिका कराराला जोडलेला पर्यावरण संरक्षणाचा पूरक करार १९९१ मध्ये माद्रिदला स्वीकारला गेला आणि १९९८ मध्ये अमलात आला. त्यानुसार बर्फमुक्त जमिनीवर आणि गोड्या पाण्यात सांडपाणी सोडता येत नाही, परंतु समुद्रात सोडता येते. ज्या केंद्रात उन्हाळ्यात सरासरी तीस किंवा अधिक माणसे राहतात, त्याने ते सोडण्यापूर्वी निदान दळून बारीक करावे, एवढी किमान अट आहे. दळणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. मैला दळल्याने तो नजरेआड होतो, पण त्यातला एकही जीवाणू दळल्यामुळे मरत नाही. उलट गोळ्याच्या आत दडलेले जीवाणू मोकळे होतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले होते, की वर्षभर चालणाऱ्या केंद्रांपैकी ३७ टक्के आणि फक्त उन्हाळ्यात चालणाऱ्या केंद्रांपैकी ६९ टक्के केंद्रांकडे शुद्धीकरणाची कोणतीही सोय नव्हती. ज्या खंडाचे वर्णन सगळे देश आपापल्या कागदपत्रांत ‘निष्कलंक’ असे करतात, त्या खंडाला हे शोभत नाही, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

अमेरिकेच्या मॅकमर्डो केंद्रात उन्हाळ्यात हजाराच्या आसपास माणसे असतात. २००३ मध्ये तिथे मैलाशुद्धीकरण संयंत्र सुरू झाले, आणि त्याआधी कित्येक दशके मैला थेट समुद्रात जात होता. सोडपाइपाच्या परिसरातल्या पाण्यात कोलिफॉर्म सापडत होतेच. शिवाय तळाच्या गाळात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा माणसाच्या आतड्यातला जीवाणू मिळाला, आणि समुद्रतळावर राहणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातही तो आढळला. हा जीवाणू बीजाणू तयार करतो, आणि बीजाणू थंड गाळात वर्षानुवर्षे तग धरतात. ब्रिटनच्या रोथेरा केंद्रातही २००३ मध्येच संयंत्र बसले. तिथल्या अभ्यासातून एक वेगळी गोष्ट पुढे आली : उन्हाळ्यातले ऊन, त्यातली अतिनील किरणे, पाण्यातल्या आतड्याच्या जीवाणूंना वेगाने मारतात, पण हिवाळ्याच्या अंधारात आणि समुद्री बर्फाच्या झाकणाखाली हे संरक्षण नसते. तिथल्या समुद्राचे तापमान उणे १.८ अंशांपर्यंत उतरते. त्या थंडीत आपला ई. कोलाय हा आतड्यातला कोलिफॉर्म जीवाणू वाढत नाही, मात्र लगेच मरतही नाही. तो अशा अवस्थेत जातो, की पेशी जिवंत असते पण प्रयोगशाळेतल्या द्रावणात वाढायला नकार देते. म्हणजे माझ्या स्टँडमधली नळी जांभळी राहील, आणि तरीही पाण्यात तो असेल. नळीच्या रंगावर विसंबणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून अस्वस्थ व्हायला झाले.

‘आपले जीवाणू तिथे वाढतच नाहीत, मग बिघडते काय?’ असा युक्तिवाद मी ऐकला आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. शरीराच्या उबेला सरावलेले बहुतेक जीवाणू त्या थंडीत पसरू शकत नाहीत, आणि अंटार्क्टिकात पोचलेल्या परक्या सूक्ष्मजीवांतले बहुसंख्य मरून जात असतील, यात शंका नाही. परंतु जीवाणूने मरण्यापूर्वी आपली जनुके दुसऱ्याला दिली तर? ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस केंद्राजवळ नेमके हेच तपासले गेले. तिथले जुने संयंत्र २००५ मध्ये बंद पडल्यावर मैला केवळ दळून समुद्रात सोडला जात होता. संशोधकांना आसपासच्या पाण्यात आणि गाळात माणसाच्या आतड्यातले ई. कोलाय मिळाले, आणि लॅटर्नुला नावाच्या शिंपल्यातही मिळाले. हा शिंपला आपल्याकडच्या तिसऱ्यांसारखाच पाणी गाळून त्यातले अन्न खातो, म्हणून पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठत जाते. सापडलेल्या ई. कोलायपैकी काहींमध्ये ‘पहिल्या वर्गाचे इंटेग्रॉन’ होते. इंटेग्रॉन म्हणजे प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके ओळीने गोळा करून ठेवणारा डीएनएचा तुकडा. तो ज्यांवर बसतो ते फिरते घटक एका जीवाणूतून दुसऱ्या जातीच्या जीवाणूतही जाऊ शकतात. ज्या किनाऱ्यावर कधी शहर उभे राहिले नव्हते, त्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यात रुग्णालयांच्या शहरातली जनुके पोचली होती.

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्राची व्यवस्था निराळी आहे. तिथे गरम पाण्याने बर्फात खोल विहीर वितळवून पिण्याचे पाणी काढतात, आणि विहीर वापरून झाली की तिच्या पोकळीत सांडपाणी सोडतात. ते गोठून राहते आणि वर्षाला सुमारे दहा मीटर सरकणाऱ्या बर्फाबरोबर हळूहळू समुद्राकडे निघते. करार याला परवानगी देतो, कारण बर्फावरच्या आतल्या केंद्रांना दुसरा व्यवहार्य मार्ग नाही. तूर्त त्याने कुणाचे बिघडत नाही, हेही खरे आहे. पण आपण तिथे आजच्या माणसाच्या आतड्यातली सूक्ष्मजीवसृष्टी गोठवून ठेवतो आहोत, आणि ती कधीतरी कुठेतरी वितळणार आहे.

इंधनाची गोष्ट थोडक्यात सांगते. न्यूझीलंडच्या स्कॉट बेसजवळ डिझेल सांडलेल्या मातीत ऱ्होडोकॉकस, स्यूडोमोनस, स्फिंगोमोनस अशा तेल खाणाऱ्या स्थानिक जीवाणूंची संख्या वाढली आणि एकूण विविधता घटली. तेलाने काळवंडलेली जमीन उन्हात शेजारच्या जमिनीपेक्षा दहा अंशांपर्यंत जास्त तापते, हेही मोजले गेले आहे, आणि अशा जागी दहा अंश म्हणजे वेगळा ऋतूच. ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्रात दूषित माती उपसून तिचे ढीग रचले, त्यांना हवा आणि खत दिले आणि तिथल्याच जीवाणूंकडून डिझेल खाववून घेतले. बाहेरून तेलखाऊ जीवाणू आणणे सोपे होते, पण करार त्याला मनाई करतो. जे तिथे आहे त्यालाच बळ देऊन काम करण्याची ही पद्धत मला मनापासून आवडली.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र सांडपाण्याची किंवा तेलाची नाही. दूषित माती उपसता येते, संयंत्र बसवता येते. काळजी त्या कोऱ्या नळीची आहे.

रॉस बेटावर शॅकल्टन या ध्रुवीय मोहिमवीराने १९०८ मध्ये आणि स्कॉट या दुसऱ्याने १९११ मध्ये उभारलेल्या लाकडी झोपड्या अजून उभ्या आहेत. त्यांचे लाकूड जमिनीलगत कुजते आहे, असे लक्षात आल्यावर मिनेसोटा विद्यापीठाच्या रॉबर्ट ब्लँचेट यांच्या गटाने तपास केला आणि कॅडोफोरा या बुरशीच्या अनेक जाती सापडल्या. प्रश्न असा उभा राहिला, की ही बुरशी जहाजातून लाकडाबरोबर आली, की आधीपासून मातीत होती आणि लाकूड मिळताच फोफावली? पुढे माणसाच्या वस्तीपासून लांबच्या मातीतही ती मिळाल्यामुळे ती स्थानिक असावी, हे मत बळावले. पण मुद्दा पाहा. झोपडी बांधण्यापूर्वीची मूठभर माती कुणी बाटलीत भरून ठेवली असती, तर हा प्रश्न एका दुपारीत सुटला असता. १९०८ मध्ये ती ठेवण्याचा विचार कुणाला सुचला नाही, याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. आज आपल्याला तो सुचतो.

व्होस्टोक तळ्याचे उदाहरण तर ताजे आहे. रशियन पथकाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पावणेचार किलोमीटर बर्फ छेदून त्या तळ्याचे पाणी गाठले. लक्षावधी वर्षे हवेशी संबंध न आलेले पाणी. छिद्र मिटू नये म्हणून त्यात रॉकेलसारखे द्रव भरले होते. पुढच्या वर्षी अज्ञात जीवाणू सापडल्याची घोषणा झाली, आणि लगेचच तो तळ्यातला की छिद्रातल्या द्रवातला, असा वाद घोषणा करणाऱ्या संस्थेतूनच सुरू झाला. त्याउलट जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी पथक बर्फाखालच्याच व्हिलान्स तळ्यापर्यंत पोचले, तेव्हा छिद्र पाडणारे गरम पाणी आधी गाळून, अतिनील दिव्यांखालून नेऊन स्वच्छ केले होते, आणि उपकरणे हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतली होती. त्या तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे एक लाख तीस हजार पेशी मिळाल्या, आणि त्या निकालावर तसा वाद झाला नाही. या दोन कामांमधला मोठा फरक कोरी नळी सांभाळण्याचा होता, असे मी मानते.

आता तपासणी डीएनए वाचून होते, आणि त्यामुळे ही अडचण वाढली आहे. डीएनए मेलेल्या पेशीचाही टिकतो, आणि थंडीत तर फारच टिकतो. पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या बुटाला लागून आलेला जीवाणू कधीच मेला असला, तरी आजच्या यादीत त्याचे नाव येऊ शकते. माणूस कुठे कुठे गेला याच्या नोंदी एकत्र करून २०२०मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, ज्याला अस्पर्श म्हणता येईल असा भाग खंडाच्या ३२ टक्क्यांहूनही कमी उरला आहे, आणि त्यातही जीव असलेल्या जागा फार थोड्या आहेत. कोरड्या दऱ्यांतली बारविक दरी १९७५ पासून याच हेतूने राखून ठेवली आहे : शेजारच्या दऱ्यांत काय बदलले, हे ताडून पाहायला एक जागा असावी म्हणून. तिच्यावरून विमान नेण्यावरही निर्बंध आहेत. माझ्या स्टँडच्या कडेला एक नळी असते, तशी ती दरी आहे.

आपला या सगळ्याशी थेट संबंध आहे. १९८१च्या डिसेंबरमध्ये सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली, आणि आजही ध्रुवीय मोहिमांचे सूत्र वास्को द गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलते. बर्फावर बांधलेले दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र काही वर्षांतच बर्फाखाली गेले. १९८९ पासून शिर्माकर टेकड्यांवर मैत्री आहे आणि २०१२ पासून लार्समन टेकड्यांवर १३४ कंटेनरांतून उभारलेले भारती आहे. शिर्माकरचा बर्फमुक्त प्रदेश सुमारे ३५ चौरस किलोमीटरांचा, आणि त्यात शंभराहून अधिक तळी. मैत्रीला पाणी पुरवणारे प्रियदर्शिनी तळे त्यांतलेच. याच शिर्माकरच्या मातीतून हैदराबादच्या पेशीय आणि रेणवीय जीवविज्ञान केंद्राच्या सिसिंथी शिवाजी आणि सहकाऱ्यांनी थंडीत वाढणारी स्फिंगोबॅक्टेरियमची नवी जात शोधली आणि १९९२मध्ये तिला अंटार्क्टिकाचेच नाव दिले. ती माती आपल्या अभ्यासाची आहे, आणि आपल्याच पायाखालचीही.

भारताचा अंटार्क्टिका कायदा २०२२मध्ये झाला आणि त्यात निर्जंतुक न केलेली माती तिथे नेण्यावर बंदी आहे. ही चांगली गोष्ट आहे. मैत्रीच्या जागी मैत्री-२ उभारण्याची योजनाही जाहीर झाली आहे, आणि तिथे सांडपाण्याचा दर्जा कराराच्या किमान अटीवर न ठेवता, सोडलेल्या पाण्यात प्रतिकार-जनुके किती उरतात इथपर्यंत तपासला जावा, असे मला वाटते. पण त्याही आधीचे एक काम आहे. ते स्वस्त आहे आणि नंतर कोणत्याही किमतीला होणार नाही. नव्या जागेवर पहिले वाहन नेण्यापूर्वी, जिथे पाया येणार, जिथे टाक्या येणार, जिथून रस्ता जाणार, त्या प्रत्येक ठिकाणची माती निर्जंतुक चमच्याने उचलावी, प्रत्येक संचाबरोबर तिथेच उघडून बंद केलेली एक रिकामी नळी ठेवावी, आणि हे सगळे उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन निरनिराळ्या शहरांत जपावे. एका शहराचा फ्रीजर बंद पडला तरी दुसरा असेल. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र थंडीत न सुटणाऱ्या लावाव्यात. साध्या चिठ्ठ्या उणे ८०ला गळून पडतात.